बैठकीची खोली : शोभा कोणाची, कमाई कोणाची?

लग्नसराई जवळ आली की मोहल्ल्यात घराघरांना रंग लागू लागतो. कोणाकडे मुलीला पाहायला पाहुणे येणार असतात, तर कोणाकडे मुलाच्या सासरची मंडळी. मग घरातील बाकी सर्व आहे तसेच ठेवून एक बैठकीची खोली तेवढी सजवायची, असा बेत ठरतो. बाप हिशेबाची वही काढतो, आईला शेजारच्या घरातील सोफा आठवतो, मुले मोबाइलवर चित्रे दाखवतात. चार दिवसांनी टेम्पो दारात उभा राहतो. सोफासेट, काचेचे टेबल, शोकेस, प्लास्टिकची फुले, झुंबर असे सारे सामान एकदम उतरते. खोली भरते आणि पुढची दोन वर्षे हप्ते फेडण्यात जातात.

घर सजवू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कुरआनच्या सूरह आराफमधील ३१ व ३२ या लागोपाठच्या आयतींत दोन्ही गोष्टी शिकवल्या आहेत. एकीत उधळपट्टीला मनाई आहे, तर दुसरीत अल्लाहने दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरवणाऱ्यांना जाब विचारला आहे. म्हणजे सुंदर घराची इच्छा बाळगण्यात गैर काही नाही. गैर आहे ती दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी केलेली सजावट. म्हणून आपल्या मनातील आदर्श खोली कशी असावी याचा विचार करताना पहिला प्रश्न 'काय विकत घ्यायचे' हा नसून 'या खोलीत कोण बसणार आणि काय करणार' हा असला पाहिजे.

खिडकी कोणाच्या वाट्याला?

आपल्यापैकी बहुतेकांची घरे लहान आहेत. दहा बाय बाराची खोली म्हणजे एकशे वीस चौरस फूट जागा. तिथेच पाहुणा बसतो, तिथेच मुले अभ्यास करतात, तिथेच नमाज अदा होते आणि रात्री तिथेच अंथरुणे पडतात. अनेक घरांत याच खोलीत शिलाई, जरीकाम किंवा मणी ओवण्याचे काम चालते आणि त्यावर घराचा निम्मा खर्च भागतो. असे असूनही खिडकीजवळची उजेडाची जागा शोकेसला मिळते आणि घरातील बाई कोपऱ्यात बल्बच्या उजेडात मशीन चालवते. ज्या वस्तू वर्षातून दोनदा पुसल्या जातात त्यांना उजेड, आणि जिच्या हातांवर घर चालते तिला अंधार! यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक शिकवण या ठिकाणी ध्यानात घेण्यासारखी आहे. घरात एक अंथरूण पुरुषाचे, एक त्याच्या पत्नीचे आणि तिसरे पाहुण्याचे असावे. त्यापुढचे चौथे सैतानाचे, असा तिचा आशय आहे. यात पाहुण्याचा हक्क मान्य केला आहे, पण गरजेची सीमाही आखून दिली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण मराठीत म्हणतोच. इथे तर अंथरुणे किती असावीत तेही सांगून ठेवले आहे.

तीन आसनी सोफा साधारण सहा ते सात फूट लांब आणि अडीच ते तीन फूट रुंद असतो. त्याच्यासमोर टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या की दहा बाय बाराच्या खोलीत चालायला वाट उरत नाही. त्याऐवजी एका भिंतीला लागून अडीच फूट रुंदीची लाकडी बैठक करावी, तिच्यावर गादी व लोड ठेवावेत आणि खाली गोधड्या व पाहुण्याचे अंथरूण ठेवण्यासाठी पेटी असावी. दिवसा त्यावर पाचसहा माणसे बसतील, रात्री एक जण झोपेल. दुसऱ्या भिंतीला घडीचे टेबल लावावे. मुलांचा अभ्यास झाला की ते मिटवता येते. खिडकीखाली मशीन असावे. वर एक फळी कुरआन व पुस्तकांसाठी ठेवावी. मधली जागा मोकळी राहिली तर जानमाज अंथरायला सामान हलवावे लागत नाही. अशी खोली मोठी दिसते, कारण ती खरोखर मोकळी असते.

हप्त्याचा मोह

आता पैशांकडे वळू. 'बिनव्याजी सुलभ हप्ते' अशी पाटी वाचून आपले अनेक बांधव निश्चिंत होतात. व्याज नाही म्हटले, मग हरकत कसली, असे त्यांना वाटते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. व्याजाची रक्कम दुसऱ्या कुठल्या तरी नावाने वसूल होत असते. कधी ती वस्तूच्या किमतीत मिळवलेली असते, कधी रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारली जाते, तर कधी प्रक्रिया शुल्क लावले जाते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याने पाटी वाचून थांबू नये. रोखीचा भाव काय आणि सर्व हप्ते मिळून किती, हे दोन आकडे दुकानदाराकडून लिहून घ्यावेत आणि कागद वाचूनच सही करावी.

शिवाय या पैशांतून घरी येते काय? स्वस्त तयार फर्निचर पुष्कळदा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे असते. वरून चकाकी असते, पण कडेला ओल लागली की ते फुगते. फुगलेल्या बोर्डात स्क्रू धरत नाही आणि दुरुस्तीही नीट होत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, हे सांगायला नको. हप्ते संपण्याआधीच कपाटाचे दार लोंबकळू लागते. याउलट सागवानी चौकट दोन पिढ्या टिकते. रंधा मारून, पॉलिश करून पुन्हा नवी करता येते.

कला दाराशी, नजर दूरवर

याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. ज्या मोहल्ल्यात सुतार, गादीवाले, पॉलिशवाले आणि विणकर राहतात, त्याच मोहल्ल्यातील पैसा बाहेर जातो. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील हिमरू पाहा. सुती ताण्यावर रेशमी नक्षी उठवणारे हे कापड किमखाबाची आठवण करून देते, आणि आज ते हातमागावर विणणारे फार थोडे उरले आहेत. हिमरूचा हातभर तुकडा चौकटीत बसवून भिंतीवर लावला तर दहा प्लास्टिकच्या फुलदाण्यांची गरज उरत नाही. सोलापूरची चादर तर भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू. बैठकीवर ती अंथरली की वेगळे आच्छादन लागत नाही. आपल्या सीमेलगतच्या बिदरमध्ये जस्त व तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी बसवतात आणि किल्ल्यातील मातीने तो धातू काळा करतात. या बिदरी कलेचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. देशाने ज्या हातांचा सन्मान केला, त्या हातांची एक लहानशी डबीही आपल्या खोलीत नसावी?

त्याच वर्षी २८ मे रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. त्यासाठी सागवान नागपूरहून आणि गालिचे मिर्झापूर परिसरातून आले. देशाची सर्वांत मोठी बैठक सजवतानाही शेवटी कारागिराचेच दार ठोठवावे लागले.

दोष दोन्हीकडे

मग ग्राहक तयार मालाकडे का वळतो? इथे कारागीर बांधवांनी राग मानू नये. 'आठ दिवसांत देतो' म्हणून दोन महिने लावणे, सांगितलेल्या भावात मध्येच वाढ करणे, एका घरचे काम अर्धवट टाकून दुसरीकडे जाणे, मापे तोंडी घेणे या आपल्या सवयी आहेत. शोरूममध्ये ग्राहकाला वस्तू डोळ्यांनी दिसते आणि किंमत कळते. आपल्याकडे त्याला फक्त भरवसा मिळतो, आणि तोही पुष्कळदा मोडतो.

ग्राहकही निर्दोष नाही. शोरूममध्ये लिहिलेली किंमत मुकाट्याने देणारा माणूस सुताराशी मात्र शंभर रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो, आणि काम पूर्ण झाल्यावर शेवटच्या रकमेसाठी त्याला पाच खेपा घालायला लावतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण व्याख्यानात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत, हेही आपल्याला ठाऊक असते. तरी मोहल्ल्यातल्या सुताराला आपण उंबऱ्याबाहेर उभे करून बोलतो.

यावर उपाय आपल्या फिकहमध्येच आहे. वस्तू बनवून घेण्याच्या कराराला 'इस्तिस्ना' म्हणतात. त्यात वस्तूचा प्रकार, माप, माल आणि किंमत आधीच स्पष्ट ठरवावी लागते, आणि किंमत व्याजाशिवाय टप्प्याटप्प्याने देण्याची मुभा असते. म्हणजे जी सोय आपण हप्त्याच्या दुकानात शोधतो, ती इथे हलाल मार्गाने उपलब्ध आहे. समजा, तीस हजारांचे काम आहे. दहा हजार बयाणा, दहा हजार चौकट उभी राहिल्यावर आणि दहा हजार काम ताब्यात घेताना द्यायचे. एका कागदावर खोलीचे रेखाटन, मापे, लाकडाचा प्रकार, तारीख आणि दोघांच्या सह्या. एवढ्या कागदाने कारागिराला माल घ्यायला भांडवल मिळते आणि ग्राहकाला खात्री.

फर्निचरच्या दुकानदारांनीही यात वाटा उचलावा. दुकानाचा एक कोपरा स्थानिक कारागिरांच्या नमुन्यांना द्यावा, त्यावर बनवणाऱ्याचे नाव लिहावे आणि ऑर्डर घेऊन आपली रास्त दलाली उघडपणे सांगावी. कारागिरांनी आपल्या स्वतःच्या घरातली खोली आधी नीट करावी. दुसऱ्यांची घरे सजवणारा सुतार घरी मोडक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत असेल, तर ग्राहक त्याचे काम पाहणार कुठे? त्याची बैठक हेच त्याचे शोरूम. आणि ज्या मुलाने बापाच्या हातची सुंदर खोली रोज पाहिली आहे, त्याला बापाचा धंदा हलका वाटणार नाही.

तेव्हा बांधवांनो, पुढच्या वेळी खोली सजवायची झाली तर दुकानात जाण्याआधी रिकाम्या खोलीत अर्धा तास बसा. उजेड कुठून येतो ते पाहा आणि ती जागा घरात काम करणाऱ्याला द्या. मग टेप घेऊन मापे टिपा आणि तो कागद घेऊन आपल्या गल्लीतल्या सुताराकडे जा. पाहुणे तासाभरात चहा घेऊन निघून जातील. खोली मात्र तुमच्या घरच्यांना रोज वापरायची आहे, आणि तिच्यावर खर्च केलेला पैसा याच मोहल्ल्यातल्या एखाद्या चुलीपर्यंत पोहोचला तर त्यात इन्शाअल्लाह बरकतच होईल.