चौदा कोअरचा मोह

लॅमिंग्टन रोडवरच्या एका चिंचोळ्या दुकानात भाच्याबरोबर गेलो होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षासाठी त्याला कॉम्प्युटर हवा होता. काउंटरवरच्या पोराने काम काय करणार, ते विचारलंच नाही. त्याने समोरचं मशीन चालू केलं आणि टास्क मॅनेजर उघडला. पडद्यावर अठ्ठावीस छोटे चौकोन उमटले, प्रत्येकात एकेक निळी रेघ. "सर्व्हरचा प्रोसेसर आहे साहेब, झिऑन. चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड. आय३च्या भावात." शेजारी नवा आय३-१२१०० खोक्यात पडला होता. त्याचे चौकोन आठच भरले असते. भाच्याची नजर पडद्यावरून हलेना.

ते मशीन आम्ही घेतलं नाही. ग्रँट रोडपासून घरापर्यंत त्यावरून वाद झाला, आणि तो फक्त मामा-भाच्यातला नाही म्हणून इथे मांडतोय.

भाच्याची बाजू कच्ची नव्हती. दुकानातली ती झिऑन, म्हणजे ई५-२६८० व्ही४ ही चिप, इंटेलने २०१६ मध्ये आणली तेव्हा तिची यादीतली किंमत १,७४५ डॉलर होती. ३५ एमबी कॅश, मेमरीचे चार चॅनल, पीसीआय एक्स्प्रेसच्या चाळीस लेन. डेटा सेंटरवाले सर्व्हर काढून टाकतात ते चिप झिजली म्हणून नव्हे. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच विजेत नवा सर्व्हर जास्त काम उरकतो म्हणून. मग जुना माल ढिगाने बाहेर पडतो. २०१२ च्या ई५-२६७० चं हेच झालं. मूळ किंमत दीड हजार डॉलरच्या वर, आणि चार वर्षांत सेकंडहँड बाजारात शंभराच्या आत. "म्हणजे माल चांगलाय आणि विकणारा घाईत आहे," भाचा म्हणाला. "मग घ्यायचा का नाही?"

हत्ती स्वस्तात मिळाला तरी पोसायचा असतो, हे उत्तर मी आधी दिलं. पण ते अर्धंच उत्तर आहे. खरा मुद्दा त्या चौकोनांचा.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये जो मुद्दा मांडला, त्याला साधी त्रैराशिकाची बुद्धी पुरते. कामाचा काही भाग एकामागून एकच करता येतो आणि तिथे जादा हात उपयोगाचे नाहीत. जिलब्या पाडणारा एकच असेल तर पंगतीत वाढपी चार असोत की चौदा, ताटं तेवढीच खोळंबतात. समजा, निम्मं काम असं आहे. एका कोअरच्या तुलनेत चार कोअरवर ते १.६ पट वेगाने होईल, चौदांवर १.८७ पट. दहा कोअर जास्त आणि फायदा जेमतेम सतरा टक्के. आता आय३चा एकेक कोअर झिऑनच्या कोअरच्या दीडपट चपळ धरा. मी हात आखडूनच धरतोय. एकाची धाव ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत, दुसऱ्याची ३.३, शिवाय मधल्या सहा वर्षांत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला होणारं कामही बरंच वाढलंय. तर आय३ २.४ वर पोचतो आणि चौदा कोअरवाला १.८७ वरच राहतो. ऐंशी टक्के काम वाटून देता आलं तर दोघे जवळपास बरोबरीत येतात. पंच्याण्णव टक्के असेल तर मात्र झिऑन साडेआठ, आय३ सव्वापाच. तिथे मी वाद घालणार नाही.

भाच्याचं काम कुठल्या टोकाचं? ऑटोकॅडमध्ये रेषा ओढणं, पायथनचे छोटे प्रोग्राम, ब्राउझरच्या वीस टॅब, रात्री एखादा गेम. ही सगळी जिलब्यांची कामं.

"पण मामा, सर्व्हरचा म्हणजे दणकट ना?" हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. ई३-१२३१ व्ही३ घ्या. नाव झिऑनचं, पण चार कोअर, आठ थ्रेड, ८ एमबी कॅश, ३.४ गिगाहर्ट्झ. आय७-४७७० चेही हेच आकडे. दोन्हींचा आराखडा एकच, हॅसवेल. झिऑनमध्ये पडद्याला चित्र देणारा भाग बंद आणि चुका दुरुस्त करणाऱ्या ईसीसी मेमरीला वाव, पण बोर्डानेही साथ दिली तर. मुळात सिलिकॉनच्या तुकड्याला झीज फारशी होत नाही. मान टाकतात ते पंखे, कपॅसिटर आणि वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट. म्हणजे दणकटपणा शोधायचा तो बोर्डात. आणि या स्वस्त जोड्यांमध्ये सगळ्यात कच्चा दुवा बोर्डच. एक्स९९ असं नाव छापलेल्या कित्येक बोर्डांवर प्रत्यक्षात बी८५ किंवा एच८१ सारखा साधा डेस्कटॉपचा चिपसेट बसवलेला असतो.

विजेचा हिशेब मी लोकलमध्येच मोबाइलवर करून दाखवला. सरासरी साठ वॉटचा फरक धरला, रोज दहा तास, तर वर्षाला २१९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर बावीसशे रुपये, आणि पदवीची तीन वर्षं बाकी. शिवाय झिऑनला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागणार.

इतकं ऐकून कोणी म्हणेल, ठरलं तर, जुनं ते भंगार. हे मत पहिल्या मतापेक्षा जास्त चीड आणणारं आहे, कारण ते बहुधा पैसेवाला माणूस देतो, आणि ते खरंही नाही. घरगुती डेस्कटॉपवर चार कोअरची मर्यादा २००७ च्या क्यू६६०० पासून २०१७ च्या आय७-७७००के पर्यंत इंटेलने तशीच ठेवली. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन आणला तेव्हा कुठे यांना जाग आली, आणि त्याच वर्षी आय३-८१०० ला खरे चार कोअर मिळाले. याच ८१०० ला विंडोज ११ चालतं, आणि कोअरचा आराखडा तोच असून वेगाने सरस असलेल्या ७७००के ला मायक्रोसॉफ्टने यादीबाहेर ठेवलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी ७७००के काही मंद झाला नाही, त्याचा भाव तेवढा मंदावला. लिनक्स चालवणाऱ्याने अशाच जागी हात घालावा. चौथ्या पिढीचं ऑफिसातलं मशीन घरात असेल, बोर्ड चालत असेल आणि जुनं ग्राफिक्स कार्ड पडून असेल, तर त्यातला आय३ काढून ई३-१२३१ व्ही३ बसवण्याइतका फायद्याचा सौदा नाही. बायोस तेवढा आधी अपडेट करून घ्यावा.

बोर्ड आधी, चिप नंतर, हे मी एका रविवारी शिकलो. माझ्या जुन्या ७७५ सॉकेटच्या बोर्डासाठी क्यू९६५० हवा होता, पण तो सेकंडहँडही महाग. त्याचा जुळा भाऊ, झिऑन ई५४५०, तेच ३ गिगाहर्ट्झ, तीच १२ एमबी कॅश, मातीमोल भावात मिळत होता. फक्त सॉकेट ७७१. दोन संपर्कबिंदूंची अदलाबदल करणारा नखाएवढा स्टिकर चिपच्या पोटावर चिकटवायचा आणि सॉकेटमधले प्लॅस्टिकचे दोन खुंटे ब्लेडने छाटायचे. पहिला स्टिकर वाकडा बसला. दुसरा बसला, पण बायोसला चिपची ओळखच पटेना. तिचा मायक्रोकोड बायोसमध्ये घुसवून तो पुन्हा लिहावा लागला. दुपारचं जेवण साडेचारला झालं. मशीन पुढे कित्येक वर्षं चाललं, तक्रार नाही. पण "मातीमोल" हा शब्द मी त्यानंतर जपून वापरतो.

हे सगळं सांगून होईस्तोवर आम्ही घरी पोचलो होतो. भाच्याने बूट काढले आणि सरळ माझ्या टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे एका कंपनीतून निवृत्त झालेलं वर्कस्टेशन घरघरत होतं, आत तोच ई५-२६८० व्ही४. "मग तू कशाला घेतलास?"

कारण मी त्यावर एका वेळी सात-आठ व्हर्च्युअल मशीन चालवतो. प्रत्येकाला दोन कोअर आणि भरपूर मेमरी हवी असते, आणि एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागत नाही. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड मेमरी साध्या डेस्कटॉपच्या बोर्डात चालतच नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी. या बोर्डात ती मुकाट चालते आणि १२८ जीबीपर्यंत सहज जाता येतं. बोर्ड, पॉवर सप्लाय, कूलर हे सगळं एकमेकांसाठी बनवलेलं, एकत्रच आलेलं. पॉवर सप्लायचं माप मात्र नेहमीच्या एटीएक्सचं नाही. तो गेला तर मलाच शोधत फिरावं लागेल.

भाच्याने शेवटी आय३-१२१०० घेतला. चौथ्या सत्रात त्याला ब्लेंडरचा नाद लागला. आता रात्री अकराला तो त्याच्या खोलीतून माझ्या मशीनवर लॉग इन करून रेंडर लावतो, आणि टेबलाखालची घरघर वाढली की पंखा सहाव्या गतीला गेला का बघायला मी उठतो. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चौकोन तेव्हा काठोकाठ भरलेले असतात.