नाव घ्या, बदलू नका

तुळशीचे लग्न लागले की तिकडे मुहूर्तांची रांग लागते आणि पाडव्याच्या सुमारास इकडे न्यू जर्सीत नव्या नवऱ्या उतरू लागतात. हातावरची मेंदी पुरती गेलेली नसते, झोपेची वेळ अजून पुण्याचीच असते, आणि पहिल्याच शनिवारच्या जेवणात कुणीतरी वडीलकीच्या सुरात विचारते, "पासपोर्टवर नाव बदलून घेतलंस ना गं? नसेल तर आधी ते करून टाक. इथं नवरा-बायकोचं आडनाव एक नसलं की सगळीकडे अडतं." हे सांगणाऱ्या काकू मायाळू असतात. आठवडाभर पोळ्या त्यांनीच पाठवलेल्या असतात. मुलगी मान डोलावते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या मान डोलावण्याचे हप्ते फेडत बसते.

ओळखीपाळखीच्या मुलींचे फॉर्म भरायला मी बसते. मी वकील नाही. स्वतःचे नाव एकदा बदलून पस्तावले, एवढीच माझी सनद. माझे म्हणणे असे आहे : नवऱ्यामागे परदेशी निघालेल्या बाईने कागदोपत्री नाव बदलू नये, निदान त्या देशाचे नागरिकत्व हातात पडेपर्यंत तरी नाही.

काकूंच्या बोलण्यात कायद्याचा धाक असतो, तो आधी काढून टाकू. लग्न झाले म्हणून बाईने नाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा भारतात नाही. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला जोडण्याची अट परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर 2016 मध्ये काढली, आणि लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलण्याची बायकांना गरज नाही, हे पुढच्या एप्रिलमध्ये खुद्द पंतप्रधानांनी जाहीर सांगितले. अमेरिकेचे म्हणाल, तर मेरीलँडमध्ये लग्नानंतरही माहेरच्या नावाने वावरणाऱ्या एका बाईची मतदार नोंदणी रद्द केली गेली, ती कोर्टात गेली, आणि 1972 मध्ये त्या राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने निकाल दिला की लग्नाने नाव आपोआप बदलत नाही. ज्या नावाने ती वावरत आली तेच तिचे नाव. या गोष्टीला पन्नास वर्षे उलटून गेली. शनिवारच्या जेवणात ती अजून पोचलेली नाही.

धाक ओसरला की दुसरा मुद्दा येतो, आणि तो जास्त टोचतो. "आडनावं वेगळी असली की लग्न खोटं वाटतं, ग्रीन कार्ड अडतं." लग्नाच्या आधारावरचे ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ते सशर्त असते, दोनच वर्षांचे. ती मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करायचा असतो आणि संसार खरोखरच चालू आहे हे दाखवायचे असते. ते कशाने दाखवतात? दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र बँकखाते, एकमेकांना वारस नेमलेला विमा, एकत्र भरलेले करविवरण, मुलांचे जन्मदाखले. त्या यादीत समान आडनाव नाही. आणि समजा असते, तर बनावट लग्न लावणाऱ्याला त्याहून स्वस्त पुरावा कोणता मिळाला असता? आडनाव दहा मिनिटांत एक करता येते. विजेच्या बिलावर दोन वर्षे दोघांची नावे मात्र राहायलाच लागतात.

मग शेवटचा, सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा मुद्दा : "एक फॉर्म तर भरायचाय!" इथे मात्र मी जरा ठाण मांडून बसणार आहे.

अमेरिकन बाई नाव बदलते तेव्हा तिच्या नावाचे शेपूट बदलते. मराठी बाईचे तसे नाही. समजा, वैदेही सुरेश कर्वे लग्न करून वैदेही निखिल दामले झाली. तीनपैकी दोन शब्द गेले. सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले असेल आणि कुणाच्या उत्साहात ते कागदावरही चढले असेल, तर तिन्ही गेले; जन्मदाखल्यातली मुलगी आणि पासपोर्टातली बाई यांना जोडणारे एक अक्षरही उरले नाही. शिवाय आपले मधले नाव अमेरिकनांना कळतच नाही. त्यांच्यात ते आजीची आठवण म्हणून ठेवलेले, बहुधा न वापरलेले नाव असते. आपल्यात तो पालकाचा रकाना आहे : आधी बाप, मग नवरा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाचे रकाने दोनच, आडनाव आणि दिलेले नाव. दुसऱ्यात मुलीने वडिलांचेही नाव भरलेले असले की इकडे तिचे पहिले नाव 'वैदेही सुरेश' होऊन बसते, आणि दवाखान्यात नर्स कधीमधी 'सुरेश' म्हणून हाक मारते. एकच नाव असलेल्यांच्या व्हिसावर तर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. ती तीन अक्षरे स्वतःचेच नाव म्हणून वागवणारी माणसे इथे आहेत.

आता ही दामले झालेली वैदेही काय काय बदलणार ते पाहा. पासपोर्ट नव्याने काढायचा. व्हिसा जुन्या नावाच्या पासपोर्टात, म्हणून व्हिसाची मुदत संपेपर्यंत दोन्ही पासपोर्ट जोडीने फिरवायचे. सोशल सिक्युरिटी कार्ड. तिथे आडनावापुरता लग्नाचा दाखला चालतो, पण पहिले नाव बदलायचे म्हटले की बहुतेक ठिकाणी कोर्टाचा हुकूम मागतात. मग वाहन परवाना, बँक, विमा, ग्रीन कार्ड. यातले एक जरी मागे राहिले तरी धागा तुटतो. पगाराच्या नोंदीतले नाव आणि सोशल सिक्युरिटीचा क्रमांक जुळला नाही, तर ती कमाई तिच्या निवृत्तीच्या हिशेबात धरली न जाता एका वेगळ्या खात्यात पडून राहते. करविवरणातले नाव जुळले नाही तर परतावा रखडतो. ग्रीन कार्ड दामले आणि पासपोर्ट कर्वे, अशा अवस्थेत तिकीट कोणत्या नावाने काढायचे, हा प्रश्न मला रात्री अकरा वाजता फोनवर विचारला गेला आहे. (पासपोर्टवरच्या. आणि लग्नाचा दाखला हातातल्या पर्समध्ये. सामानात टाकू नका.)

भारतातली बाजू वेगळीच. शाळा सोडल्याचा दाखला आणि पदवीपत्र कर्व्यांच्या नावाने, नोकरीसाठी पदवीचे मूल्यांकन करून घ्यायचे तर अर्ज दामल्यांच्या नावाने. म्हणून राजपत्रात जाहिरात, म्हणून 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असे शपथेवर सांगणारे प्रतिज्ञापत्र. मी स्वतः एका कचेरीत मीच मी आहे हे सिद्ध करायला तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या माणसाने दोन्ही नावांवर बोट ठेवून विचारले, "मग या दुसऱ्या बाई आज का आल्या नाहीत?" तेव्हा हसू आले नाही. आधारवर तर नाव जन्मात दोनदाच बदलता येते; एकदा सासरी जाताना खर्ची पडले की हाताशी एकच संधी.

परतीची वाट तर आणखी अरुंद. लग्न मोडले आणि जुने नाव परत हवे असेल तर? केंद्राच्या राजपत्रात माहेरचे नाव पुन्हा लावायचे तर घटस्फोटाचा हुकूमनामा तरी आणा किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र तरी, अशी अट होती; तिला आव्हान देणारी याचिका 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जाताना कुणाची हरकत नाही, येताना मात्र त्याचीच परवानगी. परदेशात एकट्या पडलेल्या, नवऱ्याने कागदपत्रे दडपून ठेवलेल्या मुलींशी जे कधी बोलले आहेत, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मुलांबद्दलही भीती घालतात : आईचे आडनाव वेगळे असले की विमानतळावर अडवतील. आई कोण हे जन्मदाखला सांगतो. आणि गंमत अशी की अमेरिकन जन्मदाखला आईचे नाव विचारताना पहिल्या लग्नाआधीचेच नाव विचारतो. बँकाही वर्षानुवर्षे गुप्त प्रश्न म्हणून आईचे माहेरचे आडनाव विचारत आल्या. बाईने टाकून दिलेले नाव शेवटी लेकाच्या बँकखात्याची किल्ली म्हणून उरते.

या सगळ्यावर एक हुकमी पत्ता नेहमी टाकला जातो : परंपरा. कोणती? आपल्याकडच्या जुन्या जमिनींच्या नोंदी काढून पाहा. 'सखुबाई कोम रामजी', 'गंगाबाई भ्रतार अमुक' असे उल्लेख सापडतात. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, जसे 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. त्यात नवऱ्याशी नाते सांगितले आहे, बाईचे नाव जागेवर आहे. नाव-नवऱ्याचे नाव-आडनाव हा तीन खणी डबा शाळेच्या, कचेरीच्या रजिस्टरांनी पक्का केला. आपली खरी जुनी रीत कागदोपत्री नाव बदलण्याची नव्हे, नाव घेण्याची. उंबऱ्यावर अडवून उखाण्यात घ्यायला लावतात ते नाव नवऱ्याचे असते. ते हौसेने घ्यावे. त्यासाठी राजपत्रात जाहिरात द्यावी लागत नाही.

अमेरिकेच्या कागदावर चढलेल्या पहिल्या मराठी बायकांकडे बघू. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. माहेर जोश्यांचे, सासरही जोश्यांचे. म्हणजे आडनावाचा प्रश्नच नव्हता. तरी कल्याणची यमुना लग्नात पुसली गेली आणि 1886 च्या पदवीवर आली ती नवऱ्याने, गोपाळरावांनी ठेवलेली आनंदी. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या अस्थींवरच्या दगडावरही तेच नाव आहे. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. जन्माने डोंगरे, लग्नाने मेधावी. पण 1887 मध्ये अमेरिकेत छापलेल्या त्यांच्या पुस्तकावर दोन्ही आडनावे नाहीत. तिथे 'पंडिता रमाबाई सरस्वती' आहे, विद्वत्तेने मिळवलेल्या पदव्यांसकट. परंपरा हवीच असेल तर मला ही चालेल.

"अहो, पण गोऱ्या बायकाही बदलतात!" बदलतात. आणि न बदलणाऱ्यांनी काय सोसले तेही त्यांच्याच इतिहासात आहे. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लूसी स्टोनने 1855 मध्ये लग्न केले आणि स्वतःचे नाव ठेवले. 1879 मध्ये मॅसॅच्युसेट्सने बायकांना शाळा समितीपुरते मत दिले तेव्हा नवऱ्याचे आडनाव लावत नाही म्हणून तिला नोंदणी नाकारली. विवाहित अमेरिकन बाईला माहेरच्या नावाने पासपोर्ट मिळायला 1925 साल उजाडले. तो मिळवणारी डोरिस फ्लाइशमन. नवरा एडवर्ड बर्नेज, फ्रॉइडचा भाचा आणि जाहिरातबाजीतला बडा माणूस. प्रामाणिकपणे हेही सांगते की हीच डोरिस पुढे दमली, दोन नावांचा खुलासा करत बसायचा कंटाळा आला असे तिने 1949 मध्ये लिहिले, आणि 1955 च्या पुस्तकावर तिने बर्नेज हे आडनावही लावले. माझ्या विरोधकांना हा दाखला मी फुकट देते. तिचा कंटाळा खरा होता. पण तिला खुलासा देणे भाग पाडणारे कोण होते, हेही सोबत विचारा.

आता माझ्याच बाजूच्या काहींशी भांडण आहे. नाव बदलणारी बाई म्हणजे गुलाम, असे तोंडावर बोलणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. हा उर्मटपणा झाला. कुणाला बापाचे नाव नकोसे असते, त्याला कारणे असतात. कुणाला खरेच दामले व्हायचे असते. होऊ दे. माझा आक्षेप वेळेवर आहे. देश बदलताना, घर बदलताना, नोकरी सुटलेली असताना, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला असताना तिच्याजवळ स्वतःचे म्हणून काय असते? एका नावाखाली गोळा झालेला कागदांचा गठ्ठा. नेमका तेव्हाच तो सोडायला सांगायचा?

बदलायचेच असेल तर वाट आहे आणि ती सोयीची आहे. नागरिकत्वाच्या अर्जातच विचारतात : नाव बदलायचे आहे का? हो म्हटले आणि शपथविधी न्यायालयात झाला, तर न्यायाधीशच ते मंजूर करतात. त्याला वेगळे शुल्क नाही. पहिले, मधले, शेवटचे, काहीही बदला. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, अमेरिकन पासपोर्ट, पुढे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे ओसीआय कार्ड, सगळे एकाच नव्या नावाने सुरू होते. तोवर लग्नाचा दाखला जपा, प्रत्येक फॉर्ममधल्या 'इतर नावे'च्या रकान्यात घरचे नाव, ताटातले नाव खरे खरे लिहा, आणि पासपोर्टावर फार तर जोडीदाराचे नाव चढवा. तो रकाना त्यासाठीच आहे.

हे सगळे मी मागच्या गणपतीत मंडळाच्या पंगतीत बोलत होते. समोर एक गृहस्थ बसले होते, बायकोचे नाव हौसेने बदलून घेतलेले. मी त्यांना सांगितले की कॅलिफोर्नियात 2009 पासून नवऱ्यालाही लग्नाच्या परवान्यावरच बायकोचे आडनाव घेता येते. कुटुंबाचे आडनाव एक असावे एवढेच असेल तर तुम्ही का नाही बदललेत? मोदक हातात तसाच धरून ते माझ्याकडे बघत राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "अहो, माझी किती कागदपत्रं आहेत, माहितीय का तुम्हाला!"