गाण्याची किंमत तुम्ही ठरवा, पण पैसे पोहोचणार कसे?

अमरावती-अकोल्याकडे भजनाच्या ताटात किती टाकायचे, हे कोणी सांगत नाही. दहा टाका, शंभर टाका. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम असाच दिला होता. रक्कम श्रोत्याने भरायची, शून्यही चालेल. पुढे बँडकॅम्प या साइटवर ही सोय कोणत्याही कलाकाराला मिळाली. कमीत कमी किंमत तो ठरवतो, वर हवे तितके आपण देतो. डिजिटल विक्रीतून साइट साधारण १५ टक्के कापते.

मग वऱ्हाडीत रॅप करणाऱ्या पोराने तिथे गाणी टाकावीत का? टाकावीत, पण एक गोची आहे. बँडकॅम्पवरचे पैसे कलाकाराला पेपालमधून मिळतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केलेत. म्हणजे लंडनचा चाहता पैसे देईल, अकोटचा अडकेल!

अकोटवाल्यासाठी यूपीआय आहेच. दुकानातल्या साध्या क्यूआरमध्ये रक्कम नसते, ती देणारा भरतो. भजनाचं ताटच ते, भौ. मधे कोणी १५ टक्केही कापत नाही. पण यूपीआय फक्त पैसे पोहोचवतं. गाण्याची फाइल तुम्हालाच पाठवावी लागते. शिवाय चाहत्याची परवानगी असेल तर बँडकॅम्प त्याचा ईमेल कलाकाराला देतं, यूपीआयवर तो मिळत नाही. मला हा तोटा १५ टक्क्यांहून मोठा वाटतो. पुढचं गाणं आलं की सांगायचं कोणाला? म्हणून क्यूआरच्या शेजारी आपल्या व्हॉट्सअॅप चॅनलची लिंकही छापा.