आधी कोणी मारलं?

मधली सुट्टी संपली की माझ्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बाई, आधी यानं मारलं!" लगेच दुसरा उठतो, "नाही बाई, त्याच्या आधी यानं माझी कंपासपेटी फेकली!" मग एखादा साक्षीदार कालचं भांडण उकरून काढतो. मीही इतकी वर्षं एकच प्रश्न विचारत आले, "आधी कोणी सुरू केलं?" खरं सांगू? त्याचं धड उत्तर मला कधीच मिळालं नाही.

या प्रश्नाचा नव्यानं विचार करायला लावला तो एका व्हिडिओ गेमनं. हसू नका! दिवाळीत माझा कॉलेजातला भाचा 'द लास्ट ऑफ अस' खेळत होता आणि मी चिवड्याची वाटी घेऊन शेजारी बसले होते. नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीनं त्याचा पहिला भाग २०१३ साली आणि दुसरा २०२० साली आणला. खेळ मोठ्या माणसांसाठी आहे, त्यातली हिंसा फार भीषण आहे. म्हणून खेळायचा हट्ट धरू नका. गोष्ट मीच सांगते.

कॉर्डिसेप्स नावाची बुरशी खरोखरच असते. ती मुंग्या-किड्यांच्या अंगात वाढते. गोष्टीत मात्र ती माणसांना होते आणि सगळं जग उद्ध्वस्त होतं. (घाबरू नका, हे फक्त गोष्टीत!) वीस वर्षांनी, एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला त्या रोगाची बाधा होत नाही, असं कळतं. जोएल तिला अमेरिकेच्या एका टोकापासून दूरवरच्या दवाखान्यात घेऊन जातो. त्याची स्वतःची मुलगी पूर्वीच गेलेली. वाटेत एलीच त्याची लेक होऊन जाते.

दवाखान्यात कळतं, औषध शोधायचं तर एलीच्या मेंदूत वाढलेली बुरशी काढावी लागेल. म्हणजे ती मरणार. एली बेशुद्ध आहे. तिला कोणी विचारतही नाही. जोएल डॉक्टरांना आणि इतरांना मारून तिला उचलून नेतो. पुढे एलीनं विचारल्यावर चक्क खोटं बोलतो.

भाचा म्हणाला, "मावशी, मीपण हेच केलं असतं." मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या डॉक्टरांना अॅबी नावाची मुलगी होती. मी तिच्या जागी असते तर?

दुसऱ्या भागात हीच अॅबी चार वर्षं डूख धरून जोएलला शोधते. गंमत बघा, जोएल तिला ओळखतही नाही. उलट संकटातून तिचा जीव वाचवतो. तरी ती त्याला एलीच्या डोळ्यांदेखत मारते. मग एली सूड घ्यायला सिअॅटल शहरात जाते आणि अॅबीच्या मित्रमैत्रिणींना एकेक करून मारते. अॅलिस नावाची एक कुत्रीही तिच्या हातून मरते.

इथवर भाचा एलीच्या बाजूनं तावातावानं खेळत होता. आणि मग गोष्ट उलटली! खेळ त्याला अॅबी बनवतो आणि तेच तीन दिवस पुन्हा जगायला लावतो. आता तेच मित्र हसतात, बोलतात. तीच अॅलिस सोबत चालते. ती मरणार हे आपल्याला ठाऊक असतं. भाचा म्हणाला, "मावशी, हिलाच मारायला मी निघालो होतो."

शेवटी काय होतं? एली घर-संसार सोडून पुन्हा अॅबीच्या मागे जाते, तिला गाठते, आणि ऐन वेळी सोडून देते. पण तोवर झटापटीत तिची दोन बोटं गेलेली असतात. घरी परतते तर घर रिकामं. जोएलनं शिकवलेली गिटार ती हातात घेते, पण आता ती नीट वाजत नाही. सूडाच्या पायी त्याची आठवणसुद्धा हातातून निसटली.

चूक कोणाची? खेळ सांगत नाही. इथे प्रत्येकाचा हिशेब आपल्याला बसलेल्या मारापासून सुरू होतो. आपण दिलेला मार त्यात कुणी मांडतच नाही.

सुट्टीनंतर वर्गात पुन्हा 'अरेला कारे' झालं. या वेळी मी "आधी कोणी?" विचारलंच नाही. म्हटलं, "आज काय झालं ते सांगा. पण तू त्याच्या बाजूनं सांग आणि तू याच्या." दोघं बराच वेळ गप्प. मग एक हळूच म्हणाला, "मी पेटी फेकली तेव्हा त्याचा कर्कटक हरवला. तो ताईचा होता." दुसरा काही बोलला नाही. दोघं मित्र झाले असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिसरं भांडण झालं नाही.

पालकहो, शेजाऱ्यांशी किंवा नातेवाइकांशी वाजलं की घरात मुलांसमोर आपण कोणत्या दिवसापासून गोष्ट सांगायला लागतो? जरा आठवून बघा.

आणि बालमित्रांनो, तुमचं एखादं जुनं भांडण समोरच्याच्या बाजूनं लिहून मला पाठवा. अवघड आहे, पण जमेल.

तुमच्या बाई