दीड जीबीचा संसार

दिवाळीच्या अंकात हिशेबाच्या रुक्ष गोष्टी लिहू नयेत असा एक संकेत आहे. वाचक फराळाच्या ताटाशी बसलेला असतो. त्याला हलकेफुलके काही हवे असते. परंतु ज्या घरातली चार माणसे सणाच्या संध्याकाळी एकत्र बसून एक चित्रपट पाहू इच्छितात, आणि मध्यंतराच्या आतच ज्यांच्या पडद्यावर ते पांढरे वर्तुळ गरगरू लागते, त्या घराचा हिशेब कोणी तरी मांडलाच पाहिजे. तो कंपन्या मांडणार नाहीत. त्यांचा जमाखर्च वेगळा आहे.

मी बोलतो आहे ते आमच्या भिवंडीतल्या घरांविषयी. कामतघर, शांतीनगर, पद्मानगर ह्या भागांत यंत्रमागाच्या खडखडाटाला लागून ज्या खोल्या आहेत, त्यांत आता भिंतीवर टीव्ही असतो. हप्त्यावर घेतलेला असेल किंवा कोणाचा जुना असेल. त्याच्या पाठीत बोटाएवढी एक काडी खोचलेली असते. फायर स्टिक म्हणून जी काडी प्रसिद्ध आहे ती भारतात २०१७ च्या एप्रिलात आली, तेव्हा तिची किंमत ३,९९९ रुपये होती. पुढे तशाच स्वस्त काड्या आणि डबे बाजारात आले. ऑनलाइन दुकानांची प्रचंड गोदामे आमच्याच वेशीवर, मानकोलीपासून पडघ्यापर्यंत पसरली आहेत, तेव्हा असल्या वस्तूंचे आम्हांला अप्रूप ते काय? अप्रूप आहे ते पुढच्या गोष्टीचे. काडी म्हणजे नुसता पोहरा. विहीर आपली आपण आणायची. आणि ह्या घरांतली विहीर भिंतीत नसते. ती ज्याच्या त्याच्या खिशात, मोबाइलमध्ये असते. बापाने हॉटस्पॉट लावायचा, काडीने तो ओढायचा, आणि घराने पाहायचे.

आता हिशेब. ३ जुलै २०२४ पासून मोबाइलचे दर वाढले. जिओची रोज दीड जीबी देणारी २८ दिवसांची योजना त्या दिवशी २३९ रुपयांवरून २९९ वर गेली; इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. घरात चार मोबाइल धरले तर त्या दराने ११९६ रुपये झाले. (२८ दिवसांचा महिना कोणत्या पंचांगात आहे, हे मला अजून कळलेले नाही. वर्षाचे तेरा महिने करणारे हे नवे ज्योतिषी आहेत. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने ‘निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा’ असा आदेश काढला, तरी अठ्ठावीसचे चलन चालूच राहिले.) चित्रपटाला किती डेटा लागतो, हे नेटफ्लिक्सच सांगते: साध्या चित्राला तासाला सुमारे ०.७ जीबी, स्वच्छ एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत, आणि त्याहून भारी ४के चित्राला ७ जीबीपर्यंत. म्हणजे अडीच तासांचा चित्रपट एचडीत पाहिला तर साडेसात जीबी, एका माणसाचा पाच दिवसांचा शिधा. अगदी साध्या चित्रात पाहिला तरी पावणेदोन जीबी. दीड जीबीत तो मावतच नाही. नायकनायिकेचे लग्न लागण्यापूर्वीच डेटा संपतो.

परंतु खरी गोम इथे नाही. नीट पाहा. त्या संध्याकाळी त्या घराच्या मालकीचा सहा जीबी डेटा असतो. बापाचा संपला, आईचा दीड जीबी तसाच पडून आहे, आजीच्या फोनला तर दिवसभर कोणी हात लावलेला नाही. सहा जीबीत तोच चित्रपट साध्या चित्रात तीन वेळा पाहता आला असता. पण चौघांचा डेटा एका भांड्यात ओतता येत नाही. म्हणून मध्येच चित्रपट थांबवायचा, बापाचा हॉटस्पॉट बंद, आईचा सुरू, काडीला नवा पासवर्ड टंकायचा, तोवर पोरांची भांडणे. आणि घड्याळात बारा वाजले की आजीच्या फोनमधला तो न वापरलेला दीड जीबी, ज्याचे पैसे आगाऊ मोजून दिलेले आहेत, तो नाहीसा होतो. विजेचे मीटर असे वागत नाही. जेवढी युनिटे जाळली तेवढ्यांचे बिल येते, न जाळलेली युनिटे कोणी मध्यरात्री जप्त करीत नाही. किराणा दुकानदाराने महिन्याचा तांदूळ आगाऊ पैसे घेऊन रोज वाटीवाटीने दिला, आणि रात्री उरलेली वाटी परत काढून घेतली, तर गल्ली त्याच्या दुकानावर चालून जाईल!

ह्यावर कंपनीची माणसे म्हणतात की ही तांत्रिक अडचण आहे. माफ करा, ही अडचण तांत्रिक नाही. व्होडाफोन-आयडियाने २०२० साली आपल्या प्रीपेड गिऱ्हाइकांना सोमवार ते शुक्रवारची शिल्लक शनिवार-रविवारी वापरू देण्याची सोय केली. म्हणजे शिल्लक पुढे ओढता येते. पोस्टपेडच्या कुटुंब-योजनांत एकाच बिलावर तीनचार सिमकार्डे एकाच साठ्यातून डेटा घेतात. म्हणजे घराचा डेटा एका भांड्यात ओतताही येतो. मग राहिले काय? राहिले एवढेच की जो मागाहून बिल भरतो त्याच्या घराला कंपनी ‘कुटुंब’ मानते, आणि जो आगाऊ रोख पैसे मोजतो त्याच्या घराला चार सुटी गिऱ्हाइके मानते. जगातल्या साऱ्या दुकानदारीत आगाऊ रोकड देणाऱ्याला मान असतो. इथे त्याच्या हातावर वाटी ठेवतात.

आमच्या गावात ह्याला आणखी एक धार आहे. मागावरच्या कारागिराची पाळी बारा तासांची. रात्रपाळीचा माणूस संध्याकाळी मागावर जातो; त्याचा दीड जीबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात, कारखान्याच्या खुंटीला, बारा वाजता मरतो. आठवड्याच्या सुट्टीला तो घरी असतो, तेव्हा त्या दिवसाचा दीड जीबीच त्याच्या हाती. सहा दिवस काटकसर केली तिचे फळ सातव्या दिवशी मिळावे ही अपेक्षा मनुष्यजातीइतकी जुनी आहे. वहीपूजनाला आमच्या बाजारपेठेतले व्यापारी मागच्या वहीतली शिल्लक पहिल्या पानावर ओढून घेतात. ती पुसून टाकणाऱ्या मुनिमाला कोणी नोकरीत ठेवणार नाही.

‘डेटा थोडा आहे, म्हणून वाटून द्यावा लागतो’ असे सांगण्यात येते. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे फार उपद्व्यापी असते. डेटा धान्यासारखा कोठारात साठवलेला नसतो. तुम्ही चित्रपट पाहता तेव्हा तो दर वेळी अमेरिकेहून येतो असेही नाही. नेटफ्लिक्ससारखी मंडळी २०१२ पासून आपल्या चित्रपटांनी भरलेले पेटारे इंटरनेट कंपन्यांच्याच घरात नेऊन ठेवू लागली. थोडी आहे ती वाट. मनोऱ्यापासून फोनपर्यंतची हवेतली वाट, आणि तीही सर्वांना एकाच वेळी हवी झाली म्हणजे. रात्री आठ ते अकरा गर्दी, दुपारी तीनला रस्ता मोकळा. मग आजीने दुपारी न वापरलेल्या डेटाने रात्रीची गर्दी कशी कमी होते? उलट मी पाहतो ते असे की रात्री साडेअकराला पोरे उरलेला डेटा ‘संपवायला’ बसतात. झोपेच्या वेळी, अंथरुणात, काही पाहायचे नसताना. उधळपट्टीला उत्तेजन देणारी काटकसर मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मर्यादा ओलांडल्यावर काय? जाहिरातीत लिहितात, ‘त्यानंतर अमर्याद, ६४ केबीपीएस वेगाने’. मी शाळामास्तर आहे, म्हणून गणित करून पाहिले. त्या वेगाने साध्या चित्राचा एका तासाचा भाग उतरायला चोवीस तासांहून थोडे अधिक लागतात. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस अशी व्याख्या केली. हा वेग तिच्या तिसाव्या हिश्शाहूनही कमी. तारेच्या इंटरनेटला मर्यादा संपल्यावर निदान ५१२ केबीपीएस द्या, अशी ताकीद ट्रायने २०१६ साली दिली होती. खिशातल्या इंटरनेटवाल्यासाठी मात्र चौसष्ट, आणि त्याला नाव ‘अमर्याद’. मुलाने निबंधात हा शब्द असा वापरला तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढीन.

दुसऱ्या बाजूचे सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली त्याच्या आधी एका जीबीला महिन्याकाठी अडीचशे रुपयांच्या आसपास पडत. त्या मानाने आज डेटा पाण्यासारखा स्वस्त आहे, हे मी नाकारीत नाही. टीव्हीच्या प्रक्षेपणाचे तसे नसते, हेही खरे: दूरदर्शनची एक लहर हजार घरांनी पाहिली काय आणि लाख घरांनी पाहिली काय, खर्च तोच, काडीला मात्र प्रत्येक घरासाठी वेगळी धार सोडावी लागते. तेव्हा कुठे तरी मोजमाप हवे. पण स्वस्ताई हे मापात पाप करण्याचे कारण होऊ शकत नाही.

‘मग फायबर घ्या की!’ असे सुचविणारे सद्गृहस्थ मला भेटतात. ते स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. सप्टेंबर २०२० पासून महिना ३९९ रुपयांत, कर वेगळा, जिओने ‘ट्रूली अनलिमिटेड’ फायबर दिले, आणि बारीक अक्षरांत ३,३०० जीबीची मर्यादा घातली. पुन्हा मास्तरकी करतो: एचडी चित्र तासाला ३ जीबी धरले तर ११०० तास, म्हणजे पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ टीव्ही अखंड नंदादीपासारखा तेवत ठेवावा लागेल. महिना तीसच दिवसांचा! ज्याला ती मर्यादा गाठताच येत नाही त्याच्यासाठी ती असून नसल्यासारखी. मोबाइलमध्येही जुलै २०२४ पासून मोठ्या कंपन्यांनी ५जीचा अमर्याद डेटा रोज दोन जीबी वा त्याहून वरच्या रिचार्जवाल्यांनाच ठेवला, आणि त्याला फोनही ५जी लागतो. म्हणजे महाग फोन, महाग रिचार्ज, स्वतःची भिंत, ह्यांतले काही असेल तर मर्यादा नाही. ती उरली अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतलेल्यांना, ज्यांना भिंतीत भोक पाडायला मालकाची परवानगी लागते, आणि परवानगी मिळेपर्यंत खोली बदलायची वेळ येते.

काडी बनविणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. पोरगे डोळा मिटून झोपले तरी पुढचा भाग आपोआप सुरू होतो. चित्राचा दर्जा कारखान्यातूनच ‘उत्तम’वर लावून येतो, आणि टीव्ही साधाच असला तरी काडी डेटा ओढतच राहते. फायर स्टिकमध्ये डेटावर नजर ठेवण्याची एक सोय आहे, पण ती सेटिंग्जच्या प्रेफरन्सेसमध्ये अशी ठेवली आहे की सासूने लेकीसाठी राखलेल्या दागिन्यासारखी ती सुनेला कधी सापडू नये. (तिथेच चित्राचा दर्जा ‘गुड’वर आणता येतो. एवढे दिवाळीच्या आधी करून टाकावे.) मार्च २०२० च्या टाळेबंदीत ह्याच चित्रपटवाल्यांनी एका बैठकीत ठरवून मोबाइलवरचे चित्र ४८० पर्यंत खाली आणले होते. कंपन्यांच्या जाळ्यावर ताण पडतो म्हणताच चार दिवसांत जमले. घराच्या खिशावर ताण पडतो तेव्हा ते जमत नाही.

शेवटी एक आक्षेप राहिला, आणि तो मला तोंडावर ऐकावा लागतो. ‘मास्तर, मुले कमी पाहतील, बरेच आहे की! तुम्ही तर मर्यादेचे स्वागत केले पाहिजे.’ जुलै २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, रोज, डेटाचा एक कणही न लागता. घरातल्या एका टीव्हीसमोर मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि भाकरी थापणारी आई बसलेली असे. प्रश्न आईच आधी सोडवी. त्याच वेळी मोबाइलवरचा आमचा वर्ग मात्र डेटा संपला की हजेरीतून गळत असे. मुलांनी किती पाहावे हे आईबापांनी ठरवावे, मी त्यांना त्यात मदत करीन. पण चौघांनी मिळून एका पडद्यासमोर बसण्याला दंड, आणि चौघांनी चार कोपऱ्यांत पाठ करून आपापल्या तळहातात पाहण्याला सवलत, अशी शिस्त मला मुलांना लावायची नाही. एका पडद्याला सहा जीबी पुरवू न देणारी योजना चार पडद्यांना दीडदीड जीबी खुशाल पुरविते. टीव्हीसमोर बसले की निदान काय लागले आहे ते आजीला दिसते.

२०१५ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीसाठी ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला कोणत्या संकेतस्थळाला कमी दर नि कोणत्याला जास्त, असा भेद करण्यास मनाई करणारा नियम निघाला. तेव्हा लिहून काही होत नाही असे कोणी म्हणू नये. मी माझे पत्र मराठीत लिहून ठेवले आहे. त्यात मागणे एवढेच आहे: एका घरातल्या प्रीपेड सिमकार्डांचा डेटा एका खात्यात घेऊ द्यावा, न वापरलेला डेटा रिचार्जची मुदत संपेपर्यंत जिवंत ठेवावा, आणि ज्या योजनेला मर्यादा आहे तिच्यावर ‘अमर्याद’ हा शब्द कोणत्याही भाषेत छापू नये. वाचकहो, भाऊबीजेला घरात चार माणसे आणि चार फोन एकत्र येतील, तेव्हा आपल्या घरचा त्या दिवशीचा आकडा काढून असेच एक पत्र तुम्हीही लिहा. रात्री बाराच्या आत आजीच्या फोनवर किती डेटा उरला होता, तेही त्यात घाला.