खरा सत्कार बांधावर

सार्वजनिक कार्यकर्त्याचा गौरव म्हटला की हार, शाल व श्रीफळ एवढ्यावर आपले समाधान होते. परंतु ज्याने जमीन राखण्याचा मार्ग दाखविला, त्याचा सन्मान सभामंडपात पुरा होत नाही.

कै. वि. स. पागे यांच्याविषयी हे विशेष खरे आहे. सांगली जिल्ह्यातील हे लोकसेवक 1960 ते 1978 पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या प्रेरणेने 1965 साली तासगाव तालुक्यात रोजगार हमी योजनेचा प्रयोग सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात तिचे मोल साऱ्या राज्यास पटले. 1977 साली तिचा कायदा झाला व तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मजुरांचे कैवारी म्हणून पागे यांचा गौरव होतो, तो योग्यच आहे; परंतु आमच्या मते मृद्‌संधारणाचे धुरीण म्हणूनही त्यांचे स्मरण व्हावयास हवे.

याचे कारण, मजुरी द्यावयाची ती उत्पादक कामावर, हा त्या योजनेचा पाया होता. खडी फोडून मजुराचे पोट भरते, पण शिवार होते तसेच राहते. बांधबंदिस्ती, नाला बांध व पाझर तलाव यांवर खर्ची पडलेली मजुरी मात्र माती व पाणी यांच्या रूपाने गावात उरते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत पाऊस थोडा, आणि तोही पुष्कळदा मोजक्या जोरदार सरींत पडतो. इंचभर माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात. उताराच्या उघड्या रानातून ती जाण्यास थोडेच पावसाळे पुरतात.

असे असता हे बांध राखतो कोण? हजेरीपत्रक मिटले की काम संपले, अशी समजूत रूढ झाली आहे. नांगरटीच्या वेळी बांध कोरला जातो, सांडवा गाळाने बुजतो आणि एखाद्या वळवाच्या पावसात पाणी तुंबून बांध फुटतो. त्या खांडातून एकवटून धावणारे पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानात घळ पाडते. म्हणून बांधाची हयगय ही एकट्या मालकाची बाब राहत नाही.

शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एक दिवस मिळून शिवार फिरावे. खांडे थराथराने माती टाकून व चोपून भरावीत, सांडवे मोकळे करावेत, बांधावर गवत लावावे. शेतबांधाची दुरुस्ती घरच्या माणसांनी होण्यासारखी आहे. नाला बांधाचे मोठे काम ग्रामसभेपुढे ठेवावे.

आणखी एक सूचना. मृद्‌संधारणाच्या कामाबद्दल कोणाही अधिकाऱ्याचा वा पदाधिकाऱ्याचा सत्कार काम पुरे झाल्याच्या दिवशी करू नये. तीन पावसाळे लोटू द्यावेत, आणि बांध शाबूत असेल तर त्याच बांधावर त्यास नारळ द्यावा. त्या मानात बांध राखणाऱ्या शेतकऱ्याचाही वाटा असावा. पागे यांच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन दुसरे कोणते?