मास्तर, आवाज कमी करा!

पूर्वी नागपुरात दर गल्लीला एक पिठाची गिरणी आणि एक टायपिंग इन्स्टिट्यूट असे. हल्ली दर गल्लीला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ असतो. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. जिथं पूर्वी वर्षाचे गहू, बिघडलेला कूलर आणि मुक्कामी आलेला पाहुणा यांना ठेवत, तिथं आता एक कॉम्प्युटर, एक माइक आणि एक इंजिनियर झालेला मुलगा ठेवतात. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले असतात. घर माळकरी असलं तरी. या ट्रेंनी आवाज अडत नाही. फार तर खोलीतला थोडा चरचरीतपणा शोषला जातो. शेजाऱ्यांना ढोलक ऐकू यायची ती येतेच. पण ट्रे नसले तर गिऱ्हाइकाला आपण स्टुडिओत आलो असं वाटत नाही, आणि गिऱ्हाइकाला काय वाटतं यावरच धंदा चालतो, हे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला कुणी सांगायला नको.

या खोल्यांत काय होत नाही? गणपतीच्या आरत्या होतात, चौदा एप्रिलची भीमगीतं होतात, नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्यांची प्रचारगीतं होतात, नवरदेवाच्या मित्रांनी गायलेली गाणी होतात (ती न होती तरी चाललं असतं). एकूण चांगलीच गोष्ट आहे. गाण्याची हौस भागवायला मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. तेव्हा माझं भांडण या पोरांशी नाही, त्यांच्या यंत्रांशीही नाही. माझं भांडण त्यांच्या शेवटच्या बटणाशी आहे.

ते बटण समजण्यासाठी 'मिक्सिंग' आणि 'मास्टरिंग' हे दोन शब्द समजायला हवेत. आमचं शिक्षण बी. कॉम., म्हणून आम्ही ते आमच्या पद्धतीनं समजून घेतले आहेत. मिक्सिंग म्हणजे गायक, तबला, पेटी, बासरी यांची वेगवेगळी खाती एका ताळेबंदात मांडणं: कुणाला किती आवाज, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोण जवळ, कोण लांब. मास्टरिंग म्हणजे त्या ताळेबंदाचं ऑडिट. गाणं घराबाहेर पडण्याआधी ताज्या कानाच्या माणसानं ते एकदा तपासावं, चुकलंमाकलं सावरावं, एवढाच हेतू. मोठ्या कंपन्यांत हे काम बहुधा दुसरा माणूस, दुसऱ्या खोलीत बसून करतो. आमच्या गल्लीत हिशेब लिहिणारा, तपासणारा आणि सही करणारा एकच. बँकेत असं आढळलं तर चौकशी बसते.

आणि हे ऑडिट होतं कसं? तर 'लिमिटर' लावून. डिजिटल आवाजाला वर एक छत असतं. त्याच्यावर आवाज गेला की फाटतो. लिमिटर काय करतो, तर उंच माणसांच्या माना छताखाली वाकवतो आणि मग बुटक्यांना स्टुलावर उभं करतो. झालं, सगळे एका उंचीचे! कुजबुज तेवढीच, हाक तेवढीच, तबल्याची थापही तेवढीच. साध्या सीडीवर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. एवढा ऐसपैस प्लॉट हाताशी असताना आमचे मास्तर छताला चिकटून एक माळा बांधतात आणि सगळ्या वऱ्हाडाला त्यावर कोंबतात.

"कावून रे बाबा?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "काका, नाहीतर दबून राहते न गाणं! बाजूच्याचं मोठं वाजून राहिलं."

यात थोडं शास्त्र आहे, हे कबूल करायला हवं. एकच गाणं दोनदा वाजवलं आणि दुसऱ्यांदा आवाज किंचित वाढवला, तर दुसरं जास्त चांगलं वाटतं. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी बारीक सूर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते भरून येतात; १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकनांनी हे मोजून दाखवलं. म्हणजे गिऱ्हाईक "भारी!" म्हणतं ते कारागिरीला नव्हे, आवाजाच्या खुंटीला म्हणतं. पण पैसे देताना ही फोड कोण करतो? मग पलीकडच्या गल्लीतला मास्तर आणखी एक पायरी चढवतो, आणि परवाच्या गाण्यापुढे कालचं गाणं आजारी वाटू लागतं.

अर्थशास्त्रात याला चलनवाढ म्हणतात. प्रत्येकानं नोटा जास्त छापल्या की श्रीमंत कुणीच होत नाही, फक्त पाकीट जाड होतं. परदेशातही हेच झालं. २००८ साली मेटालिका या मंडळींची 'डेथ मॅग्नेटिक' ही सीडी आली, तेव्हा त्यांच्याच भक्तांनी आवाज पार चेपल्याची ओरड केली. ती गाणी एका व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथं ती कमी चेपलेली होती. लोक म्हणाले, खेळण्यातली बरी! आणि हे रॉकवाले. आयुष्यभर कानठळ्या बसवून घेतलेली माणसं जेव्हा म्हणतात की आवाज फार झाला, तेव्हा विषय गंभीर असतो.

चलनवाढीनंतर काय येतं, हे २०१६ च्या नोव्हेंबरात काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेल्यांना चांगलं ठाऊक आहे. आवाजाचीही नोटाबंदी झाली! युरोपातल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांच्या संघटनेनं २०१० साली कार्यक्रमाच्या आवाजाचं सरासरी माप ठरवून दिलं. 'एलयूएफएस' असं त्या मापाचं भयंकर नाव आहे. पुढे गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांनीही तेच माप उचललं. स्पॉटिफायवर सर्वसाधारणपणे उणे १४ ला गाणं आणून बसवतात. समजा आमच्या मास्तरांनी रात्र जागून गाणं उणे ८ पर्यंत ठोकून चढवलं. तिथं ते गुपचूप सहा डेसिबलनं खाली उतरवलं जातं. यूट्यूबसुद्धा फार मोठी गाणी खाली ओढतं. म्हणजे साठवलेला मोठेपणा दारातच रद्दी! आणि गंमत अशी, की आवाज उतरला तरी वाकलेल्या माना काही सरळ होत नाहीत. शेजारचं न चेपलेलं गाणं त्याच पातळीवर ताठ मानेनं वाजत असतं आणि आमचं पोक काढून. नोटाबंदीत निदान नोटा बदलून तरी मिळत होत्या.

नागपुरात या प्रकाराला आणखी एक पदर आहे. तो म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा मागच्या खोलीत कूलर बंद करून गाणं म्हणजे गायकाच्या जिवाशी खेळ. मग कूलर बारीक करून रेकॉर्डिंग होतं. तो मागे हळूच घुरघुरतो. कुणाचं लक्षही जात नाही. पण एकदा मास्तरांनी बुटक्यांना स्टुलावर चढवायला घेतलं की कूलरही चढतो! गायकानं दोन ओळींच्या मधे श्वास घेतला की कूलर आपली ओळ म्हणतो. म्हणून मग 'गेट' लावतात. गेट म्हणजे दार: गायक थांबला की आवाज बंद. त्यानं कूलर जातो, पण त्याच्याबरोबर गायकाचा श्वासही जातो. आधी आवाज वाढवायचा, म्हणून कूलर वाढतो, म्हणून श्वास कापायचा. एका चुकीच्या नोंदीपायी दहा खोट्या नोंदी कराव्या लागतात, तसलाच प्रकार.

आता श्वास गेला तर बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून माझ्या थोरल्या आत्याची हकिगत सांगतो. आत्या एक्क्याऐंशी वर्षांची. जात्यावरच्या ओव्या तिला पाठ. जातं गेलं, सासर सुटलं, ओव्या राहिल्या. तिच्या नातवानं मोठ्या हौसेनं एका स्टुडिओत नेऊन पाच ओव्या रेकॉर्ड केल्या. आठ दिवसांनी 'मास्टर' होऊन आल्या. कूलर गेला होता. श्वास गेला होता. ओवीच्या शेवटी ती जरा थांबते, बहुधा तिच्या आईची आठवण काढत असावी, ते थांबणं 'रिकामी जागा' म्हणून कापलं होतं. थरथरणारे सूर 'ऑटोट्यून'नं सरळ केले होते. (हे यंत्र १९९७ साली बाजारात आणणारा गृहस्थ त्याआधी जमिनीखालचं तेल शोधण्याच्या कामात होता. आत्याच्या आवाजातलं तेल त्यानंच काढलं असं म्हणायला हरकत नाही.) आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि कौतुकानं म्हणाली, "साजरी म्हणून राहिली बाई! कोणाची पोर आहे?"

नातू हसला. मला हसू आलं नाही. त्या पाच ओव्या हीच उद्या तिची आठवण राहणार आहे, आणि ती आठवण भलत्याच बाईची आहे.

याच ओव्यांचं दुसरं रेकॉर्डिंग महाराष्ट्रात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी बायांच्या आवाजात ऐकायला मिळतात; २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण संग्रहातून त्या लोकांपुढे येत आहेत. तिथं बाई दम घेते, सूर इकडेतिकडे होतो, पण बाई ओळखू येते. आणि जुन्या तबकड्यांच्या काळी मिक्सिंग कसं करत? पायांनी! एक माइक मधे. तबला फार वाजला तर तबलजीला सांगायचं, दोन पावलं मागे सरका. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली ती त्याच काळात. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तरी ती घरोघर पोचली, आणि तिला कुणी स्टुलावर चढवलं नव्हतं.

मास्तरांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, "काका, लोक गाणं ऑटोत ऐकते, फोनवर ऐकते, बाजूनं बुलेट चालली असते. हळू ठेवलं तर कोणाले ऐकू येईल?" खरं आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहून ठेवलेली आहे, आणि ती लिहून ठेवलेलीच आहे. तेव्हा आवाज थोडा आवळावा लागतो, हे मान्य. मीठ लागतंच. पण पंगतीत कुणी तरी "अळणी आहे" म्हणेल या धास्तीनं कुणी पुडा ओतत नाही.

म्हणून मास्तर, मागणी साधी आहे. गिऱ्हाइकाला आधीचं आणि नंतरचं गाणं सारख्या आवाजात ऐकवा आणि मग विचारा, कोणतं चांगलं? टेक पाच मिनिटांचा असेल तर तेवढी पाच मिनिटं कूलर बंद करा. गायकाला नंतर लिंबू सरबत पाजा. म्हाताऱ्या माणसांचा श्वास कापू नका, तो त्यांनी मोजून आणलेला असतो. आणि आवाज मोठा करायचं काम ऐकणाऱ्यावर सोडा; त्यासाठी त्याच्या फोनला बटण दिलेलं आहे, त्यालाही काही काम राहू द्या.

एवढं सांगूनही ऐकणार नसाल, तर आमच्या गावात जुना इलाज आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, मागे बडगे निघतात, आणि वर्षाची सगळी इडापीडा गावाबाहेर नेऊन जाळतात. महागाई झाली, भ्रष्टाचार झाला, साथीचे रोग झाले. यंदा एक बडगा लिमिटरचा काढावा, अशी माझी सूचना आहे. कपाळाला अंड्याचा ट्रे, हातात स्टूल. फक्त मिरवणुकीपुढे डीजे नको. दहा माणसांनी आपापल्या गळ्यानं ओरडलं तरी पुरे: घेऊन जा गे मारबत!